दात काढल्यापासून कवळी रुळेपर्यंत

आज आपण दातांवर बोलणार आहोत. दात कसे घासावेत ते सांगायला आम्ही बसलेलो नाही. ते लेकरं शाळेतून शिकून येतात आणि आपल्यालाच शिकवतात. ज्यांच्या दाढा हलायला लागल्यात, ज्यांना डॉक्टरांनी "हे काढावेच लागतील, मग कवळी बसवू" असं सांगून ठेवलंय, आणि ज्यांनी कवळी आणली पण डबीत घालून फडताळात ठेवून दिली, अशा आपल्या आया, सासवा, आत्या आणि आपण स्वतः, यांच्यासाठी आजचं बोलणं आहे.

फडताळातल्या कवळ्या गावोगाव आहेत. गटाच्या बैठकीत "कोणाच्या घरी कवळी आहे?" असं विचारलं की बरेच हात वर होतात. "रोज घालून जेवतं कोण?" म्हटलं की हसू सुरू होतं. लग्नाला घालायची, फोटोला घालायची, पाहुणे आले की घालायची आणि जेवायच्या वेळी काढून ठेवायची. म्हणजे ज्या कामासाठी पैसे मोजले ते काम सोडून बाकी सगळ्याला कवळी! कारण विचारलं तर एकच, "टोचते गं बाई."

आमचं म्हणणं असं, की यातल्या बऱ्याच कवळ्या वाईट नसतात. नवी कवळी पहिले काही आठवडे टोचते, सैल वाटते, तोंडात परकी वाटते, आणि त्यावर उपाय असतो, हे त्या बाईला कोणी बसवून सांगितलेलं नसतं. डॉक्टरांकडे गर्दी असते, सोबत आलेल्या मुलाला एसटी पकडायची घाई असते. म्हणून आज ते सावकाश सांगतो. सुरुवात दात काढण्यापासून.

दात काढायला जाताना उपाशीपोटी जाऊ नका. न्याहारी करून, रोजच्या गोळ्या घेऊन जा. आणि त्या गोळ्यांची पाकिटं पिशवीत टाकून न्या, नावं पाठ नसली तरी चालेल. बीपी आहे, शुगर आहे, हृदयाचं काही झालंय, पोटात बाळ आहे, हे डॉक्टरांनी विचारलं नाही तरी आपण सांगायचं. रक्त पातळ व्हायची गोळी चालू असेल तर ती आपल्या मनानं बंद करायची नाही. दात काढून घेताना रक्त थोडं जास्त येईल ते थांबवता येतं, पण गोळी बंद केल्यानं हृदयात किंवा मेंदूत गुठळी झाली तर ते महागात पडतं. काय करायचं ते डॉक्टर ठरवतील. आणखी एक गोष्ट सहसा सांगायची राहून जाते. हाडं ठिसूळ झाली म्हणून काही बायकांना आठवड्याची एक गोळी किंवा वर्षातून एकदा सलाइनमधून औषध देतात. या औषधांमुळे कधीकधी दात काढल्यावर जबड्याचं हाड भरून यायला त्रास होतो. तेव्हा "ते औषध तर कंबरेसाठी आहे, दाताशी काय संबंध" असं म्हणू नका. सांगाच.

आणि हो, वरची दाढ काढली की नजर जाते, ही भीती अजून आहे. त्या भीतीपायी कित्येक जणी वर्षानुवर्षं गाल धरून बसतात. डोळ्यानं बघायची नस वेगळी, दाताची नस वेगळी. दात काढल्यानं नजर जात नाही. वय झालं की दात आणि डोळे दोन्ही एकाच सुमारास कुरकुरायला लागतात, म्हणून लोकांनी त्याची सांगड घातली असावी. किडलेली, पू झालेली दाढ तोंडात ठेवणं हेच जास्त धोक्याचं आहे.

आता दात काढल्यावर. जिथून दात निघाला तिथे खड्डा पडतो आणि त्यात रक्त साकळून गुठळी होते. ही गुठळी म्हणजे खड्ड्याचं झाकण समजा. खालचं हाड आणि नस तिच्याखाली झाकलेली राहते आणि तिच्यातूनच पुढे नवं मांस धरतं. पहिल्या दिवशी आपल्याला करायचं ते एवढंच, ही गुठळी जागेवर राहू द्यायची. डॉक्टर बोळा देतात तो अर्धा ते पाऊण तास घट्ट चावून धरा. सारखा काढून "थांबलं का?" असं बघू नका. चोवीस तास जोरात थुंकायचं नाही, चूळ भरायची नाही, नळीनं ओढून काही प्यायचं नाही, जीभ किंवा बोट खड्ड्यात घालून चाचपायचं नाही. लाळ आली तर गिळा. दिवसभर लाळेत थोडा लालसरपणा दिसतो, त्याला घाबरू नका. एक थेंब रक्त लाळेत मिसळलं की भांडंभर रक्त दिसतं. पण धार लागल्यासारखं येत असेल तर ताठ बसून स्वच्छ कापडाची घडी त्या जागी ठेवून आणखी अर्धा तास चावून धरा. तरी थांबलं नाही तर डॉक्टरांकडे जा.

भूल उतरायला दोन-तीन तास लागतात. तोवर गरम चहा नको, कारण भाजलेलं कळत नाही. गाल-ओठ चावला तरी कळत नाही. भूल उतरल्यावर गार किंवा कोमट, मऊ खायचं. दहीभात, ताक-भात, गार केलेली पेज, केळं. पहिल्या दिवशी गालावरून कापडात गुंडाळलेला बर्फ दहा मिनिटं लावायचा, दहा मिनिटं काढायचा. बर्फ नसला तर गार पाण्याची घडी. रात्री उशाला एक जास्तीची उशी किंवा गोधडीची घडी घ्या, डोकं उंच राहिलं की ठणका कमी लागतो. सूज दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी वाढते आणि मग उतरते, त्यामुळे दुसऱ्या दिवशी गाल फुगलेला दिसला म्हणून काही बिघडलं असं समजू नका. गोळ्या डॉक्टरांनी दिल्यात त्याच घ्यायच्या. शेजारणीच्या डब्यातली लाल गोळी नको, आणि दुखऱ्या जागी गोळी कुटून भरणं तर नकोच. हळद, चुना, तंबाखू, जळता कापूर, यातलं काहीही त्या खड्ड्यात भरू नका.

दुसऱ्या दिवसापासून मिठाच्या पाण्यानं तोंड धुवायला सुरुवात. पेलाभर कोमट पाण्यात अर्धा चमचा मीठ. खळखळ गुळणा करायचा नाही. पाणी तोंडात घ्यायचं, मान इकडे-तिकडे कलवायची, आणि अलगद खाली सोडून द्यायचं. जेवल्यावर दर वेळी, आठवडाभर.

आता मिसरीचं. हे ऐकायला नको वाटेल हे आम्हाला माहीत आहे. सकाळी मिसरी लावल्याशिवाय पोट साफ होत नाही म्हणणाऱ्या आपल्यात कमी नाहीत, आणि दातदुखीसाठीच मिसरीची सवय लागलेल्याही आहेत. पण दात काढल्यावर मिसरी किंवा तंबाखू लावली तर बोटानं चोळताना गुठळी निघते आणि तंबाखूनं तिथला रक्तपुरवठा कमी होतो. गुठळी निघाली की हाड उघडं पडतं. मग दोन-तीन दिवसांनी, म्हणजे दुखणं कमी व्हायला हवं तेव्हा, उलट वाढतं. कानापर्यंत ठणका जातो, तोंडाला घाण वास येतो, गोळीनं भागत नाही. असं झालं तर घरी सोसत बसू नका. डॉक्टर तो खड्डा धुऊन औषध भरतात आणि लवकर आराम पडतो. ते होऊ नये म्हणून निदान जखम भरेपर्यंत मिसरीचा डबा बाजूला ठेवा. पंधरा दिवस लांब राहिलीच, तर पुढेही तशीच राहून बघा. कवळीखालच्या हिरडीवर मिसरी चोळत राहण्याइतकं वाईट दुसरं काही नाही.

ताप आला, पू आला, सूज गळ्याकडे उतरली, तोंड उघडेना, गिळताना किंवा श्वास घेताना अडचण वाटली, तर सकाळची वाट न बघता दवाखाना गाठायचा.

हिरडी वरून दोन-तीन आठवड्यांत मिटते. आपल्याला वाटतं, झालं, आता कवळी. पण आत हाड अजून बसायचं असतं. विहिरीच्या कडेला भर टाकली तर आपण त्यावर लगेच भिंत बांधतो का? माती बसू देतो, एक पावसाळा जाऊ देतो. जबड्याचंही तसंच आहे. दात निघाल्यावर हाड आकसतं, आणि पहिल्या काही महिन्यांत सगळ्यात जास्त आकसतं. म्हणून डॉक्टर दीड-दोन महिने, कधी तीन महिने थांबायला सांगतात. फार लवकर माप घेतलं तर तेव्हा घट्ट बसलेली कवळी चार महिन्यांत खुळखुळायला लागते. काही ठिकाणी दात काढल्याच्या दिवशीच कवळी देतात. समोरचे दात जाणार असतील आणि चारचौघांत कामाला जावं लागत असेल तर ती सोय बरी आहे, पण ती पुढे आतून भरून घ्यावी लागते किंवा नवी करावी लागते, हे आधीच धरून चाला. हाताशी पैसे एकदाच आहेत, तर आमच्या मते थांबलेलं बरं.

या थांबायच्या काळात खाण्याची हेळसांड होते. "दात नाहीत" म्हणून बाई चहात पाव बुडवून दिवस काढते आणि दोन महिन्यांत वाळून जाते. दात नसले तरी पोट भरता येतं. ज्वारीच्या कण्या, नाचणीची आंबील, मुगाची आसट खिचडी, पातळ पिठलं, वरणात कुस्करून भिजवलेली भाकरी, मऊ शिजवलेला भोपळा, घोटलेली पालेभाजी, दही, उकडलेलं अंडं कुस्करून. शेंगदाण्याचं कूट आणि तीळ मात्र पहिल्या आठवड्यात नको, त्याचे कण खड्ड्यात जाऊन बसतात.

कवळी एका फेरीत होत नाही. साधारण चार-पाच फेऱ्या होतात. एकदा कच्चं माप, मग पक्कं माप, मग वरचा-खालचा जबडा कसा मिटतो ते बघणं, मग मेणात दात बसवून दाखवणं, आणि शेवटी कवळी हातात. मेणातली कवळी दाखवतात ती फेरी महत्त्वाची. आरसा मागून घ्या. दात फार मोठे वाटतात का, फार पांढरे वाटतात का, ओठ पुढे आलाय का, हे तेव्हाच बोला. सोबत मुलीला किंवा जावेला न्या. मेण आहे तोवर बदलता येतं. कवळी पक्की झाल्यावर "आता काय बोलायचं" म्हणत आयुष्यभर परका चेहरा घेऊन फिरायला लागतं.

आता कवळी तोंडात आली. पहिले दोन-चार दिवस तोंडात काहीतरी अवजड ठेवल्यासारखं वाटतं, लाळ फार सुटते, कधी ओकारी आल्यासारखं होतं. तोंडाला ते खाणं वाटतं, म्हणून ते लाळ सोडतं. आठवडाभरात त्याला समजतं. वरची कवळी टाळूला चिकटून राहते. मधला लाळेचा पातळ थर तिला धरतो, दोन ओल्या काचा एकमेकींना चिकटतात तशी. खालची मात्र नालासारखी, तिला टाळू नाही, वर जीभ सारखी हलणार. म्हणून खालची कवळी सगळ्यांचीच वरच्यापेक्षा सैल असते. हे ठाऊक नसलं की बाईला वाटतं, आपल्यालाच खराब माल दिला. हळूहळू गाल आणि जीभ तिला धरायला शिकतात. नवी सून घरात रुळते तसं आहे हे, आणि तिला सारखं परत माहेरी पाठवलं तर ती रुळणार कधी?

खाताना घास लहान घ्या आणि दोन्ही बाजूंनी एकदम चावा. एकाच बाजूनं चावलं की दुसरी बाजू उचलते. पुढच्या दातांनी तोडू नका. पेरू, कणीस, ऊस हे दातांनी तोडायचे दिवस गेले, आता चिरून, सोलून, दाणे काढून खायचं. पहिला आठवडा मऊ भात-खिचडी, मग वरणातली भाकरी, मग नुसती मऊ चपाती, आणि महिना-दीड महिन्यानं भाकरी-भाजी. कवळीनं चावण्याचा जोर आपल्या दातांच्या चौथ्या-पाचव्या हिश्शाइतकाच असतो, तेव्हा सुपारी फोडायची जिद्द धरू नका.

बोलताना स, श, फ असे आवाज घसरतात. त्यावर औषध म्हणजे बोलणं. घरात कोणी नसताना मोठ्यानं वाचा, वाचता येत नसेल तर ओव्या म्हणा, नातवंडांना गोष्टी सांगा. ज्या पहिल्या दिवसापासून बडबड करतात त्यांची जीभ लवकर वळते. बोलक्या बायकांचा इथे फायदाच आहे.

आणि टोचणं. कवळी मापानं केलेली असली तरी कुठे ना कुठे एखादी कड जास्त लागते आणि तिथे फोड येतो. ती कड डॉक्टर दोन मिनिटांत घासून देतात, आणि कवळीची किंमत ठरवतानाच या फेऱ्यांबद्दल विचारून घ्यायचं. फार दुखलं तर कवळी काढून तोंडाला आराम द्या, पण डॉक्टरांकडे जायच्या आदल्या दिवशी पुन्हा घाला. घातली नाही तर हिरडीवरची लाल खूण निघून जाते आणि नेमकं कुठे घासायचं ते डॉक्टरांना दिसत नाही. घरी कानशीनं, चाकूनं किंवा दगडावर घासायचं नाही. असं करून बिघडवलेली कवळी दुरुस्त होत नाही.

रात्री कवळी काढून ठेवायची. दिवसभर दाबलेल्या हिरडीला रात्री मोकळं राहू द्या. रात्रंदिवस घातली की टाळू लाल होते, बुरशी धरते, ओठांचे कोपरे चिरतात. काढल्यावर साध्या गार पाण्यात झाकणाच्या डब्यात ठेवा. कोरडी ठेवली तर तिचा आकार बिघडतो, उकळत्या पाण्यानं वाकते. धुताना मऊ ब्रश आणि साधा साबण. टूथपेस्ट आणि राखुंडीनं चरे पडतात आणि त्या चऱ्यांत घाण साठते. धुवायला बसताना खाली पाण्यानं भरलेली पाटी ठेवा. न्हाणीच्या फरशीवर हातातून निसटली की दोन तुकडे. हिरड्या आणि जीभही ओल्या मऊ फडक्यानं रोज पुसायची, दात नाहीत म्हणून तोंड धुवायचं थांबत नाही.

खर्चाचं बोलायला हवं. जिल्हा रुग्णालयात दातांचा विभाग असतो, तिथे दात कमी खर्चात निघतात. कवळी तिथे होते का, ते जाण्याआधी विचारून घ्या. मुंबई, नागपूर आणि छत्रपती संभाजीनगर इथे शासकीय दंत महाविद्यालयं आहेत, तिथे कवळी खासगीपेक्षा बरीच स्वस्त पडते, फक्त फेऱ्या जास्त होतात आणि वेळ लागतो. केंद्र सरकारची राष्ट्रीय वयोश्री योजना २०१७ साली सुरू झाली. साठीपुढच्या, दारिद्र्यरेषेखालच्या माणसांना काठी, चष्मा, कानाचं यंत्र मिळतं त्याच यादीत कवळीही आहे. शिबिर लागलं की काठी आणि चष्म्याची चर्चा होते, कवळीचं कोणी विचारत नाही. तुम्ही विचारा. राज्याची मुख्यमंत्री वयोश्री योजना मात्र वेगळी, तीत पासष्टीपुढच्यांच्या खात्यात तीन हजार रुपये एकदाच येतात. नाव सारखं म्हणून घोटाळा होतो.

बाजारात, जत्रेत बसून अर्ध्या तासात दात बसवून देणारे असतात. ते उरलेल्या दातांना मसाल्यानं किंवा तारेनं पक्का दात चिकटवून देतात. तो काढून धुता येत नाही, खाली अन्न कुजतं, आणि शेजारचे चांगले दातही हलायला लागतात. तिथे वाचलेले पैसे पुढे दुप्पट जातात.

आता सुनांसाठी आणि लेकींसाठी एक. कवळी नवी असताना जेवायला दुप्पट वेळ लागतो. आपल्याकडे घरची बाई सगळ्यांना वाढून शेवटी बसते, भांडी घासायची असतात, म्हणून चार घास गिळून उठते. त्या घाईत कवळी लागते, मग ती काढून ठेवते, आणि कायमची काढून ठेवते. तेव्हा दोन महिने तिला पहिल्या पंगतीला बसवा. तिच्या हातातून कोणी वाढणं काढून घेतलं तर घर बुडत नाही.

तुम्ही पाठवलेल्या प्रश्नांपैकी दोन घेतो. पहिला, "सासूबाई वारल्या, त्यांची कवळी चांगली आहे, मला चालेल का?" नाही चालणार. चप्पल एकमेकींची होते, जबडा होत नाही. माप वेगळं असेल तर हिरडी सोलवटते.

दुसरा, "कवळी सहा वर्षं छान होती, आता बोलताना पडते." कवळी तीच आहे, खालचं हाड झिजलंय. आतून भरून घेता येते, फार झालं असेल तर नवी करावी लागते. चिकटवायची पावडर मिळते, ती एखाद्या कार्यापुरती ठीक, पण सैल कवळी रोज पावडरवर ढकलत नेली तर हिरडी आणखी झिजते. म्हणून वर्षातून एकदा तोंड दाखवून यायचं, दुखत नसलं तरी. आणि कवळीखाली, जिभेच्या कडेला किंवा गालात आलेला फोड दोन आठवड्यांत बरा झाला नाही, पांढरा-लाल चट्टा राहिला, तर "कवळी लागली असेल" म्हणून सोडू नका. मिसरी-तंबाखूची सवय असलेल्यांनी तर मुळीच नाही. कवळी काढून पिशवीत घ्या आणि त्याच आठवड्यात तपासून या.